लंडनला जाऊ नकोस

मास्तर,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुमच्या हाताखाली शिकलेलं माणूस भोरात शोधावं लागतं. मीही पेन्शनीत निघून बराच काळ झाला. माझ्या पुतण्याची मुलगी परवा दोन कॉलेजांची माहितीपत्रकं घेऊन आली. तिला व्यापाराचं शिक्षण घ्यायला परदेशी जायचं आहे, आणि दोहोंतलं कुठलं निवडावं हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. चष्मा सापडत नाही असं सांगून मी तिला परत पाठवलं. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतो आहे, आज ते लिहायला बसलो.

मी वेल्ह्याकडचा, भातशेती करणाऱ्याचा मुलगा. भोरला बोर्डिंगात राहून हायस्कुलात शिकत होतो आणि तुम्ही आम्हाला जमाखर्च शिकवत होता. फळ्यावर आकडे लिहिताना तुम्ही वर्गाकडे पाठ करायचात आणि मग पुष्कळ वेळ वळायचाच नाहीत. तुम्ही विलायतेला जाऊन आलात हे गावभर ठाऊक होतं. हिर्डोशीकडच्या डोंगरात बाया हिरडे गोळा करायच्या, ते वाळून गाड्यांनी भोरच्या वखारीत यायचे आणि तिथून कातडी कमावण्यासाठी थेट विलायतेच्या कारखान्यांत जायचे. वखारीच्या शेठना तिकडच्या दलालांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा आपला माणूस हवा होता. म्हणून त्यांनी तुम्हाला लंडनच्या मोठ्या कॉलेजात व्यापारशास्त्र शिकायला धाडलं, आणि तुम्ही नापास होऊन परत आलात. निदान तुमच्या थोरल्या भावांनी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. पोरं तुम्हाला पाठीमागं नापास बॅरिस्टर म्हणायची. मीही म्हणायचो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. मी पुण्याला अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालो आणि शेठनी मला बोलावून घेतलं. तुमच्यावर केलेला खर्च पाण्यात गेला तरी त्यांचा हेतू सुटला नव्हता. त्यांनी दोन कॉलेजांची माहितीपत्रकं मागवली होती. एक तुमचंच, लंडनचं, जाड कागदावर छापलेलं, आत इमारतीचं चित्र. दुसरं उत्तरेकडच्या चामड्याच्या कारखान्यांच्या एका गावातलं, चार पानी. शेठनी लंडनचं माझ्या हातात ठेवलं आणि दुसरं वाचलंही नाही. मी ती दोन्ही घेऊन तुमच्याकडे आलो ते सल्ला मागायला नव्हे. लंडनला जाणार हे तुम्हाला सांगायला आलो होतो.

ती दुपार मला अजून दिसते. तुमच्या वहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत आहेत. तुमची पुतणी चुलीपुढं बसली आहे. मी उंबऱ्याशी, आणि तुम्ही पाटावर बसून ती चार पानं पुन्हा पुन्हा वाचता आहात. प्राध्यापक कोण, पदवीला मान किती, असलं काहीच तुम्ही विचारत नाही. वर्गात मुलं किती असतात, ती जेवतात कुठं, कॉलेजपासून राहायचं घर किती लांब, हे मला विचारता, जणू मी तिथून नुकताच आलो आहे. शेवटी म्हणालात, "लंडनला जाऊ नकोस. या लहान गावात जा." मी कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, "कॉलेजचं नाव काय वाचतोस? गाव वाच." मला राग आला. तुम्हाला जे झेपलं नाही ते मला मिळू नये असं वाटतंय, असं काहीसं मी बोललो. वहिनींचा हात सुपात थांबला. तुम्ही रागावला नाहीत. शांतपणे म्हणालात, "एवढंच कळतं तुला? मग उद्या मीच शेठकडे येतो."

दुसऱ्या दिवशी वडील गावाहून आले होते. आम्ही वखारीत गेलो तेव्हा तुम्ही आधीच येऊन उभे होता. मुनीम होते, हमाल पोती रचत होते, हिर्डोशीकडची दोन-चार माणसं माल घालायला आली होती. तुम्ही शेठना म्हणालात की याला लंडनला धाडू नका. शेठ हसले. नापास झालेल्यानं पास होणाऱ्याला वाट दाखवू नये, असं ते म्हणाले. बाजूला चला, आत बसून बोलू, असं तुम्ही म्हणाला असता तर ते आत आले असते. पण तुम्ही तिथंच, सगळ्यांसमोर म्हणालात, "शेठ, मी नापास झालो नाही. मी परीक्षेला बसलोच नाही."

मग तुम्ही सगळं सांगितलंत. वर्गात शेकडो मुलं होती, आणि त्यांतल्या एकालाही तुमचं नाव ठाऊक नव्हतं. खोलीची मालकीण ताट दाराबाहेर ठेवून निघून जायची. दिवस चारलाच मावळायचा. आधी तुम्ही बोलायचं सोडलंत, मग वर्गाला जायचं. एकदा दुकानात पाव मागायला गेलात आणि तोंडातून शब्दच निघेना. पुढं भिंतीपलीकडची माणसं आपल्याविषयीच बोलतात असं वाटू लागलं. एका सकाळी पोलिसांना तुम्ही नदीच्या पुलावर अंगात कोट नसलेले सापडलात, आणि तिथून इस्पितळात गेलात. तिथल्या दलालानं शेठना न कळवता, फक्त भावांना लिहून तुम्हाला बोटीत बसवून दिलं, आणि घरी भावांनी ठरवलं की नापास झाला म्हणणंच बरं. हे सगळं तुम्ही हिशेब समजावून सांगावा तशा आवाजात सांगत होता. हमालांनी पोती खाली ठेवली होती.

शेठनी विचारलं, "म्हणजे मास्तर, तुम्हाला वेड लागलं होतं?"

"लागलं होतं," तुम्ही म्हणालात. "तिथं माझ्याशी बोलणारं कुणी असतं तर कदाचित लागलं नसतं. या मुलाला माणसं असतील तिथं धाडा."

शेठनी लंडनचं माहितीपत्रक माझ्या हातातून काढून घेतलं. मी माझ्या जुन्या बोर्डिंगातच उतरलो होतो. तिथं परत आल्यावर फाटकाशी वडील म्हणाले, "आपल्या कातड्याचं जोडं करून घातलं मास्तरांनी तुला. आमी असून आमास्नी न्हाई जमलं. इसरू नगंस."

मी निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस तुम्ही मला रोज संध्याकाळी नीरेच्या काठानं फिरायला न्यायचात. इंग्रजी तुला येतं, बोलणं येत नाही, असं तुमचं म्हणणं होतं. तुम्ही घरमालकीण व्हायचात आणि मी तुमच्या गुडघेदुखीची चौकशी करायची. तुम्ही दुकानदार व्हायचात आणि मी पावसाला नावं ठेवायची. कुणी विचारलं नाही तरी आपणच आपलं गाव सांगायचं, असं तुम्ही बजावलं होतं. एकदा तुम्ही म्हातारीचा आवाज काढून मला दरडावलंत आणि स्वतःच हसत सुटलात. इतक्या वर्षांत तुम्हाला हसताना मी तेवढंच पाहिलं. काठावर धुणं धुणाऱ्या बायका मात्र एकमेकींकडे बघून हसल्या. वखारीतली गोष्ट तोवर गावभर झाली होती, हे मला तेव्हा उमगलं नाही. तुम्हाला उमगलं असावं.

पुढचं मला परत आल्यावर वहिनींनी सांगितलं. मी बोटीवर असतानाच शाळेनं तुम्हाला कामावरून काढलं. वेडा माणूस पोरांना शिकवतो म्हणून पालक तक्रार घेऊन गेले होते. मग सासवडकडचं, पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं. घरात वेड आहे, असा निरोप आला. दुसरं स्थळ बघायला गेलं की तिथंही गोष्ट आधी पोचलेली असायची. शेवटी भावांनी तुम्हाला सांगितलं की पुण्याला डोळे दाखवायला जाऊ. तुम्ही धुतलेला कोट घातलात आणि सर्व्हिस मोटारीत बसलात. नसरापूरला मोटार थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले. तिथून तुम्हाला कुठंही जाता आलं असतं. तुम्ही चहा घेतलात, पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसलात आणि म्हणालात, "दादा, डोळ्यांचं सांगायची गरज नव्हती. मी गेल्यावर पोरीचं होईल ना?" भाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. हे त्यांनीच नंतर वहिनींना सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते कुणाशी धड बोलले नाहीत.

पोरीचं झालं, मास्तर. लांबच्या एका बिजवराला दिली. दोन मोठ्या मुलांचा बाप. त्या मोटारीनं भावांनी तुम्हाला पुण्याच्या ज्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं, तिथं तुम्ही दुसरा हिवाळा काढू शकला नाहीत. हगवण लागली आणि गेलात. घरी कळलं तोवर अग्नी देऊन झाला होता. मी परत आल्यावर तिथं गेलो. एक म्हातारा रखवालदार भेटला, त्याला तुम्ही आठवत होता. तो म्हणाला, "त्यांना काय झालं व्हतं ते आमास्नी कळलं न्हाई. नीट व्हते. कुणी भेटाया आलंय का एवढं इचारायचे, लई न्हाई, सणासुदीला." मी त्याला नमस्कार करून बाहेर आलो आणि स्टेशनापर्यंत चालत गेलो.

तुम्ही ज्यासाठी एवढं केलंत त्याचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. मी तिसऱ्या वर्गात पास झालो. वर्षभर शेठच्या पेढीवर होतो, तोवर लढाई लागली. बोटी बंद झाल्या, हिरडे वखारीत किडले, पेढी बसली. मी पुण्याला एका कचेरीत हिशेबनीस झालो आणि तिथंच म्हातारा झालो. नाव काढण्यासारखं माझ्या हातून काही झालं नाही. वडील विचारायचे, तितं शिकून आलास त्येचा काय उपेग झाला?

पण एक गोष्ट मी वडिलांना सांगितली नाही, वहिनींना नाही, बायकोलाही नाही. ज्या हिवाळ्यात तुम्ही त्या इस्पितळात होता, त्या हिवाळ्यात मी सुखात होतो. नुसता बरा नव्हतो, सुखात होतो. रविवारी संध्याकाळी घरमालकीण शेगडी पेटवायची, कातड्याच्या कारखान्यातले दोघे भाऊ यायचे आणि आम्ही पत्ते खेळायचो. ते मला माझ्या गावाविषयी विचारायचे आणि मी भात लावणी कशी करतात ते टेबलावर उभा राहून दाखवायचो. बाहेर बर्फ असायचं आणि आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचो. त्या दिवसांत तुमची आठवण मला फारशी येत नव्हती. त्यानंतर मी तेवढा कधीच हसलो नाही. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगता आलं.