वीराचे दोन टाक

२३ फेब्रु. ९८, सोम.
सराफ बाजारातून देव उजळून आणले. पुतण्या सुरेशच्या मुलीचं लग्न ठरलंय, म्हणून निफाडहून त्याच्या देवघरातला वीराचा टाकही आला होता. तो आणि वहिनींचा, दोन्ही मीच दुकानात दिले. परत मिळाले ते एकाच पुडीत.
वहिनींनी पुडी सोडली, दोन्ही तळहातावर घेतले. "भाऊजी, यातला आपला कुठला?"
दोन्ही चांदीच्या पत्र्याचे, अंगठ्याएवढे. घोडा, स्वार, उपसलेली तलवार. एकाच ठशावर काढलेले. मी म्हटलं, "हा काय, हा..." आणि बोट मध्येच राहिलं.

२४ फेब्रु.
नीट आठवून लिहितो. जुना टाक नानांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या हातचा. दादा आणि मधला भाऊ वेगळे झाले तेव्हा दादाने तो मधल्याला देऊन टाकला. "त्याच्याकडे वडिलांचं काहीतरी असू दे." तोच आता मधल्याच्या मुलाकडे, सुरेशकडे. त्याच ठशावर दादाने स्वतःसाठी नवा काढला, तो वहिनींच्या देवघरात. दादा गेल्यावर वहिनींकडे त्याच्या हातचं तेवढंच उरलं.
ओळखू. पस्तीस वर्षं वर्गात फळ्यावर कवितेचं कडवं लिहून, खालचं नाव झाकून, "सांगा बरं कोणाचं?" विचारत आलो. हात ओळखायची सवय आहे.

२५ फेब्रु.
भिंग घेऊन बसलो. जुना तो झिजलेला, नवा तो ठसठशीत. एकातल्या स्वाराचं नाक पार सपाट, तो नानांचा. दुसऱ्याच्या मिशासुद्धा दिसतात, तो दादाचा. वहिनींना सांगितलं. त्या एवढ्या खूश झाल्या की अवेळी पोहे केले.

२८ फेब्रु., शनि.
सुरेश आणि त्याची बायको अनिता आले. अनिताने सरळ मिशावाला उचलला.
"आमचा वीर ह्यो. लय ओळखीचा हाय."
"अगं, तुमचा तर जुना," मी म्हटलं, "झिजलेला हवा."
"झिजंल कशानं, आप्पा? आमी काय रोज घासतो व्हय? दसऱ्याला न् धुळवडीला काढायचा, बाकी कापसात, डबीत."
मी वहिनींकडे पाहिलं. त्या रोज चिंच लावून घासतात. म्हणजे जुना कोरा आणि नवा झिजलेला. सगळं उलटं!
वहिनी हळूच म्हणाल्या, "म्हणजे यांनी काढलेलं नाक मीच घासून घालवलं?"
सुरेश हसला.

३ मार्च
वामनकडे गेलो. दादाच्या शेजारी बसून चांदीचं काम करायचा. मोतीबिंदू काढल्यापासून नुसता गप्पा मारतो.
म्हणाला, "ठशावर सगळे सारखेच. पुढे हात फिरतो त्यात माणूस. दादा आयाळ कोरणीनं पुन्हा उठवायचा. आयाळ बघा."
बघितली. मिशावाल्याची आयाळ खोल, तुटक, वाऱ्यावर उडणारी. म्हणजे दादाचा! चप्पल घातली तर मागून म्हणतो, "पण दादाला ती सवय लावली नानांनीच, बरं का."
"मग रे?"
"मग काय? चहा घेऊन जा, मास्तर."

५ मार्च
आणखी गुंता. ठसा नानांचाही नव्हे, आजोबांनी कोरलेला म्हणे. मग टाक कोणाचा म्हणायचा? कोरणाऱ्याचा, ठोकणाऱ्याचा, की शेवटी आयाळ उठवणाऱ्याचा...
दुपारी डोळा लागला नाही. लहानपणी मी ओसरीवर मोठ्याने कविता पाठ करायचो आणि आत दादाची हातोडी त्याच चालीवर पडायची. मी अडखळलो की तीही थांबायची. त्या चालीतलं काही चांदीत उतरलं असेल का? भिंगातून पुन्हा पाहिलं. काही नाही. घोडा आहे.

८ मार्च, रवि.
"वहिनी, दोन्ही वीरच," मी म्हटलं. "कुठलाही ठेवा."
त्या चिडल्या. "देव वीराचा, एवढं कळतं मला. पण हात यांचा. पूजा झाली की चार गोष्टी बोलते मी यांच्याशी. गॅस संपला, गुडघा दुखतो. तुमच्या तक्रारीही सांगते."
"माझ्या?"
"तुमच्याच जास्त. आता मामंजी असले तर त्यांच्यापुढे बोलू का हे? त्यांच्यासमोर उभ्या जन्मात मान वर केली नाही मी."


१३ मार्च, धुळवड
दोन्ही टाक एकाच वाटीत घालून वीर वाजतगाजत गंगेवर नेले. हलगी, गुलाल, तोबा गर्दी. अंघोळ घातली. पायरीवरच सुरेश म्हणाला, "आप्पा, आता काय ते सांगा. निफाडची गाडी जाईल."
मी मिशावाला वहिनींच्या हातात ठेवला. आयाळीवरून, असं म्हणू. खरं तर सुरेशला घाई होती आणि वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.
अनिताचं तोंड उतरलं. पण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मोठ्या आई. ह्योबी वीरच की." सपाट नाकाचा रुमालात बांधून गेली. जाताना दोनदा मागे वळून बघितलं तिने. तिचंच बरोबर असेल तर?

१५ मार्च, रवि.
सकाळी वहिनींची पूजा. मी दाराबाहेर पेपर घेऊन. चिंच नाही, नुसत्या पाण्याने टाक धुतला. मग कुजबुज सुरू झाली. डोकावलो. डोक्यावरून पदर घेतलेला, पण अर्धाच.
"मामंजी असलात तर रागावू नका," हळू बोलत होत्या, "आणि तुम्ही असलात तर ऐका. आज नळाला पाणी आलं नाही. आणि भाऊजींनी सांगितलं म्हणून तुम्हीच असं धरलंय मी, पण त्यांना तरी कुठे..."
पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.