जमनाबाईंची संपूर्ण आवृत्ती

मु. पो. सारंगखेडा, ता. शहादा
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मित्र नवनीतशेठ यास,

तापीच्या वरच्या काठावरून खालच्या काठाला हेमकांतचा नमस्कार. आमच्या इथलं पाणी आज ना उद्या तुमच्या सुरतेला पोचतंच (मध्ये उकईच्या धरणात अडकून पडलं नाही तर), तसंच हे पत्रही पोचेल अशी आशा आहे. तुझा डावा गुडघा, वहिनींचा दमा आणि दुकानाचं ते अर्ध्यात अडकणारं शटर, तिन्ही आता सुधारले असतील. इकडे मी ठीक. साखर थोडी वाढली आहे, पण शाळेच्या ऑफिसातला माझा वट काही कमी झालेला नाही. रुपाची तब्येत उत्तम. ती आत्ता समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडते आहे आणि 'कोनले लिखी ऱ्हायनात?' असं तिचं दोनदा विचारून झालंय. मी विमा कंपनीला म्हणून सांगितलं. (पाकीट चिकटवायचं खातं लग्नापासून तिच्याकडे आहे, कारण मी चिकटवलेलं पाकीट पोस्टाच्या पेटीत पडायच्या आधीच उघडतं. पण दुसऱ्याची पत्रं वाचायची तिला सवय नाही, तेव्हा निर्धास्त राहा.)

फोन करायचा सोडून हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू 'हं, बोल' म्हणालास की माझी जीभ टाळूला चिकटते, गेल्या महिन्यात तीनदा चिकटली. तुझ्या गुडघ्याची चौकशी करून मी फोन ठेवला तो त्यामुळेच. गोष्ट अशी आहे की आपल्या जमनाबाईंची ती फिल्म, जिची आपण एकतीस वर्षं वाट पाहिली, ती धुऊनपुसून, नव्यासारखी करून, डिस्कवर येते आहे. दत्तजयंतीला, जत्रेच्या मुहूर्तावर. तुझी प्रत थेट सुरतेला जाणार. ती तू लावायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडणं जरुरीचं आहे. त्या फिल्ममध्ये एक गोष्ट आहे. ती तुला माझ्याकडून कळली तर आपली मैत्री कदाचित टिकेल, पडद्यावर दिसली तर टिकणार नाही. ती एकदम सांगण्याइतका मी शूर असतो तर हे पत्र लिहायची पाळीच आली नसती, म्हणून आधी थोडं मागचं लिहितो.

तुला ती दुपार आठवत असेलच. जमनाबाई आणि पार्टी, चौऱ्याण्णवची जत्रा. फिल्मवाल्या साहेबांना दिव्यांपेक्षा ऊन हवं होतं, म्हणून कार्यक्रम भर दुपारी तीनला ठेवलेला, आणि इतक्या लवकर गायला बसवलं म्हणून जमनाबाई साहेबांवर उखडलेल्या. एका बाजूला घोड्यांचा बाजार, दुसऱ्या बाजूला गुळाच्या जिलेबीची कढई, मध्ये चार बैलगाड्या जोडून केलेलं स्टेज. आणि त्या चिठ्ठ्या! आता तुझ्या सुरतच्या नातवंडांना हे सांगून पटणार नाही, पण त्या काळी गाणं ऐकायला कोण जात होतं? पाचाची नोट चिठ्ठीत गुंडाळून स्टेजवर द्यायची, चिठ्ठीत आपलं नाव, गाव आणि ज्याच्यासाठी गाणं हवं त्याचं नाव, की जमनाबाई चालू गाणं मध्येच थांबवून ती नावं सुरात घ्यायच्या. आपलं रोजचं नाव, ज्याला घरात कोणी विचारत नाही, ते त्यांच्या गळ्यातून आलं की दोन दिवस माणूस जमिनीवर नसायचा. 'घोडा उना, घोडा उना, मन्हा माहेरना घोडा उना' ह्या एका गाण्यात त्यांनी त्या दिवशी बावीस नावं घेतली.

आणि पुढच्या वर्षी फिल्म शाळेच्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा काय झालं, तेही आठव. (तू तेव्हा सुरतेला गेला होतास, पण मी पाच पानी पत्र लिहिलं होतं.) साहेबांनी गाण्यात व्यत्यय येतो म्हणून सगळी नावं कापून टाकलेली! लोकांनी पहिलं गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं, तिसऱ्याला खुर्च्या वाजायला लागल्या. गाणी आम्हाला पाठच आहेत, नावं कुठे गेली, हा एकच सवाल. त्याच संध्याकाळी जमनाबाई रसिक मंडळाची स्थापना झाली आणि चिटणीस म्हणून मी एकमताने निवडला गेलो. कापलेली नावं परत जोडा, असा अर्ज मी दर दोन वर्षांनी साहेबांना पाठवत आलो. एकूण पंधरा अर्ज, सगळ्यांचा मसुदा माझा, भाषा कडक. (प्रत्येक अर्ज पेटीत टाकल्यावर मी दत्ताच्या देवळात जाऊन तो नामंजूर व्हावा म्हणून नारळ फोडत असे. का, ते पुढे येईल.) मंडळाची एकुलती एक कॅसेट घराघरात पंधरा-पंधरा दिवस फिरली, हळदीला लागली, बारशाला लागली, आणि शेवटी इतकी झिजली की जमनाबाईंच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पाऊस आणि नथ दिसायची. तरी आम्ही बघायचो.

त्यातला तुझा सीन तर जगजाहीर आहे. गाणं टिपेला पोचलंय आणि घोड्यांच्या रांगांमधून एक तरणा पोरगा हात वर करून, केस उडवत, जीव तोडून धावतोय. पुण्याच्या एका पेपरात तेव्हा छापून आलं होतं की तारुण्याचा असा मुक्त जल्लोष आपल्या पडद्यावर क्वचितच दिसतो. ते कात्रण आपल्या मंडळाच्या फाइलीत आहे. तो जल्लोष नव्हता, मागे नवाकोरा चाबूक घेऊन टेंभ्याचे चुनीलालअण्णा, म्हणजे आता माझे कैलासवासी सासरे, धावत होते, हे तुला, मला आणि एका घोडीला माहीत. (तिनेच तुझ्या खांद्याचा चावा घेतला होता. व्रण अजून आहे का?) साहेबांनी अण्णांनाही कापलं होतं. आता नव्या आवृत्तीत फ्रेम पूर्ण आहे, आणि डाव्या कडेला अण्णा चाबकासकट सलामत आहेत.

कारण साहेब वारले, आणि त्यांच्या माळ्यावर डबे निघाले. कापलेली सगळी फिल्म आणि आमचे पंधरा अर्ज, एका दोरीत बांधलेले. रुचिका नावाची एक पुण्याची मुलगी हे काम करते, वयाने आपल्या लेकीएवढी. तिने अर्ज वाचले, तिला म्हणे रडू आलं, आणि तिने ठरवलं की नावं ठेवायचीच. पन्नास मिनिटं गाणी आणि चाळीस मिनिटं नावं. संपूर्ण आवृत्ती! बातमी आली त्या दिवशी गावात पेढे वाटले. सतरा जणांनी डिस्क मागवली. डिस्क लावायचं यंत्र सतरापैकी एकाच्याही घरी नाही हे चौथ्या दिवशी लक्षात आलं. मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणाला की काका, हे फोनवरसुद्धा दिसेल. त्यावर आपला लोटन म्हणाला, 'मले हातमा पाहिजे. डबी पाहिजे, डबीवर जमनाबाईना फोटू पाहिजे.' मंडळाने टाळ्या वाजवल्या.

जमनाबाई आता खापर गावी भाचीकडे असतात. मी आणि लोटन सांगायला गेलो. डोळ्यांनी दिसत नाही, पण आवाजावरून आम्हाला ओळखलं. फिल्म नवी होतेय म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, नावं ठेवली ना? हो म्हटल्यावर म्हणाल्या, 'गाना ते कोनी बी गाई ली. नावं मी गायेल व्हती.' परतीच्या एसटीत मला फार भरून आलं होतं, आणि तेवढीच भीतीही वाटत होती.

मग गेल्या आठवड्यात रुचिका लॅपटॉप घेऊन इथे आली. कोण माणूस कोण, ते तिला लिहून हवं होतं. नवनीत, काय सांगू तुला! सगळे परत आले रे. रेवजी पेटीवाले, त्यांच्या कानातली भिकबाळीसुद्धा चकाकतेय. जिलेबीवाला, त्याचा एक दात. धुळीतून येणारं ते ऊन, आणि त्यात बायकांच्या बाजूला हिरव्या ओढणीतली एकोणीस वर्षांची रुपा, मान मागे टाकून हसतेय. मंडळातले लोक एकेकाला हाक मारत होते, जसं काही ते लॅपटॉपमधून ओ देणार होते. आणि तू. दोन्ही हातात जिलेबी, पाक कोपरापर्यंत आलेला, जगाची शुद्ध नसलेला. नेमकं त्याच वेळी जमनाबाईंनी गाणं थांबवून चिठ्ठी घेतली: 'सारंगखेडाना नवनीतभाऊ, टेंभाना रुपाताईकरता…' आणि तू दचकून जिलेबी सोडलीस. भर जत्रेत, दहा हजार माणसांत, कुवाऱ्या मुलीचं नाव! पुढचं तुला माहीत आहे. चाबूक, घोडी, आणि आठ दिवसांत तुझ्या वडिलांनी तुला मामाच्या दुकानात सुरतेला धाडलं.

त्या चिठ्ठीच्या आधीचा तुकडा रुचिकाने तीनदा लावला. चॉकलेटी स्वेटर घातलेला एक पोरगा स्टेजच्या कडेला येऊन रेवजींच्या हातात ती चिठ्ठी देतो आणि मागे न बघता गर्दीत शिरतो. हा कोण, म्हणून तिने विचारलं. लोटनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पडद्याजवळ जाऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, 'वळखू नई येत.' मग त्याने माझ्याकडे न बघता चहाचे कप गोळा केले.

असो. बाकी सर्व क्षेम. यंदा कापूस बरा आहे, केळीचं काही सांगवत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हेमकांत

ता. क. – चॉकलेटी स्वेटर माझा होता, हे तुला कळलं असेलच. तुझ्या आईनेच विणला होता तो. नवनीत, मला फक्त रुपाचं नाव जमनाबाईंच्या गळ्यातून एकदा ऐकायचं होतं. माझं नाव लिहायची छाती झाली नाही. पेन कागदाला टेकवलं आणि तुझं नाव लिहून मोकळा झालो, कारण तू माझ्यासाठी काहीही सोसशील असं मला वाटलं, आणि तू खरंच सोसलंस. मग तुझ्यातर्फे माफी मागायला म्हणून मी अण्णांकडे तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी जेवायला बसवलं, आणि हा पोरगा फार सज्जन आहे, असं म्हणून पुढच्या वैशाखात मुलगी दिली. म्हणजे माझा संसार तुझ्या पाठीवरच्या चाबकावर उभा आहे. एकतीस वर्षं मला हे सांगता आलं नाही. मी चुकलो. मला माफ कर.

ता. क. २ – चिठ्ठी हिरव्या शाईची होती, आणि गावात हिरव्या शाईचं पेन एकट्या लोटनकडे, म्हणून ते काम त्याचंच, असं तू धरून चाललास. त्याच्याशी बोलणं टाकलंस, त्याच्या लेकीच्या लग्नालाही आला नाहीस. पेन त्याचंच, पण त्याच्याकडून मी मागून घेतलं होतं. त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्याने आजतागायत तोंडातून शब्द काढला नाही. मला शिव्या दे, पण त्याला आजच्या आज फोन कर.

ता. क. ३ – आणि दत्तजयंतीला ये. शाळेचा हॉल मी ठरवला आहे, सगळ्यांसमोर तुझी माफी मागणार आहे. तुझ्याशिवाय ते मला बघवणार नाही. शिवाय डिस्क लावायचं यंत्र सतरा जणांत कोणाकडेच नाही, तुझ्याकडे आहे. वायरसकट आण.

ता. क. ४ – नवनीतभाऊ, मी रुपा. ह्यासनी लिखेल बठ्ठं खरं शे, पन अर्धंच शे. ती चिठ्ठी बापनी मले दखाडी व्हती. अक्षर मी लगेच वळखं, बारावीले ह्यासन्याच नोट्स वाचीसन पास व्हयेल व्हती. बापनी इचारं, हाऊ नवनीतच शे ना? मी म्हनं, हा, नवनीतच. खरं सांगती ते बाप ह्यासनाच मांगे चाबूक लिसन पयता, नि ह्यासले सुरतले धाडतात, मंग मी लगीन कोनसंगे करती? तुमनी माफी मले बी मांगनी शे. हॉलमा नई, घर या, पुरनपोई करसू. ह्यासले आजवर हाई म्हाईत नई, नि आते बी व्हवाव नई. पाकीट मीच चिटकाडस.