खांदा दुखतो, पोट कामाला

७ जानेवारी
लते, काल फोनवर परत विचारलंस, "आई, डावा ना गो खांदा?" उजवा! तिसऱ्यांदा सांगते. म्हणून आता वैशूला बसवलंय, मी बोलते, ती लिहिते. सून आहे, नाय म्हणते कुठे. तुला एकदम पाठवीन, वाचत बस.
ओवाळायचं पितळी ताट माळ्यावरून ओढलं, तेव्हा खांद्यातली शीर दुखावली. आता हात छातीच्या वर जात नाय. आणि तुझा होणारा जावई ताडासारखा. मांडवाच्या दारात त्याच्या पोटाला ओवाळू काय?

९ जानेवारी
उल्हासनगरला गेलो. व्यायाम शिकवणारी पूनम, सिंधी पोरगी, गोड. मला आडवं पाडलं, गुडघे वर, एकेक पाय उचला, कंबर हलू द्यायची नाय. म्हटलं, "बाय, खांदा इकडे आहे."
"पता है अम्मा. पेट ढिला, तो कंधा अकेला मरता है."
म्हणजे काय? रिक्षात तोच विचार. झाडाचं खोड आणि फांदी, तसं काय?

१६ जानेवारी
मी श्वास कोंडते म्हणून पूनम ओरडली. "बोलते रहो." मग लग्नात गातो ते धवले म्हणत व्यायाम केला. बाकीचे पेशंट बघायला लागले. पोटाला हात लावून म्हणाली, "वा अम्मा, एकदम टाइट!" हात नाकापर्यंत गेला. वैशूला पेढे आणायला लावले.

१९ जानेवारी
लुगडी वाळली नव्हती, गाऊन घालून गेले. हात छातीशीच अडकला. पूनमचं तोंड उतरलं. मी म्हटलं, थांब जरा. वैशूची ओढणी कमरेला करकचून बांधली, गेल्या खेपेला लुगड्याची गाठ आवळली होती तशी. हात वर!
पूनम पोट धरून हसली. "अम्मा, पेट नहीं, आपकी गाँठ काम कर रही थी!"
इतकी वर्षं कमरेला डॉक्टर बांधून फिरले की काय मी?
आता व्यायाम गाऊनमध्येच. म्हटलं, लग्नात लुगडंच नेसणार, मग झालं की. तर म्हणते, "खाली हाथ उठा है. थाली का वजन?"
हां. ते खरं.

२६ जानेवारी
गाऊन. हात हनुवटीपर्यंत. पोट आपलं आपण आत धरलं, मध्येच सुटतं. भाकरी थापताना बघितलं, तिथेपण पोट धरलं की खांदा कमी बोलतो. वैशू म्हणते, "आई, आता माझं पण बघा." तिचंपण सुटतंच. (हसू नको, लिही.)

२ फेब्रुवारी
रिकामं ताट उचललं, वैशूच्या गळ्यापर्यंत. मग थरथर. तू म्हणालीस, काकीला सांगून ठेवू काय ओवाळायला. इतक्यात नको सांगू.
रिकाम्या ताटाने काय कळायचं? आज हे पाठवते, तू तुमच्या वांगणीच्या मळ्यातल्या वालाच्या शेंगा पाठव. भरल्या दाण्याच्या बघ, पोकळ नकोत, मला वजन पाहिजे. रोज मूठ मूठ वाढवून उचलीन. आणि जास्तच पाठव, ताट वर गेलं नाय तरी घरात उसळ होईल.