एका विषयासाठी

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय टिल्ली,

दादाचे पुष्कळ आशीर्वाद. मी इथे मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते, खोकलाही गेला. आईला सांग, स्वेटर पोचला. बाह्या लांब आहेत, पण मी दुमडून घेतो. मी अजून वाढतोय असं तिला वाटत असेल तर वाटू दे. बाबांच्या दुकानातल्या नव्या खुर्चीचा फोटो बघितला. अशा खुर्चीत बसून माणूस नुसती दाढी करून उठणार नाही, केसही कापून घेईल.

फोन असताना पत्र कसलं लिहितो, असं म्हणशील. फोनवर तू रडायला लागतेस आणि मी "बरं, बघतो" म्हणून सुटका करून घेतो. इथे तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही.

आधी कामाचं सांगतो. या आठवड्यात मिस्त्री आणि मी एका कॉलेजची लिफ्ट दुरुस्त करतोय. लिफ्टचा डबा दोन मजल्यांच्या मध्ये थांबवायचा, त्याच्या छतावर उभं राहायचं आणि रुळांना वंगण लावत वर सरकायचं. वरच्या मजल्याचं दार हवेसाठी थोडं उघडं ठेवतो. बाहेरच्यांना आम्ही दिसत नाही, पण बंद लिफ्टसमोर उभे राहून लोक जे जे बोलतात ते सगळं आम्हाला ऐकू येतं. एवढी भांडणं आणि प्रेमप्रकरणं फुकटात दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.

गुरुवारी एक मुलगी आणि एक मुलगा तिथे येऊन थांबले. मुलगी म्हणाली, "तुझे किती राहिले?"

"दोनच. या वर्षीच्या पेपरांबरोबर काढून टाकतो."

दोन शर्ट धुवायचे राहिलेत, अशा सुरात. आणि बोलण्यावरून निघाला होता दुसऱ्या वर्षाच्या तासाला! माझा हात थांबला. मिस्त्री म्हणाले, "काय रे, साप बघितलास का?" मी त्या फटीतून डोकं बाहेर काढलं.

"ए भाऊ, तू नापास झालायस ना? मग वरच्या वर्गात कसा?"

जमिनीलगत वंगणाने माखलेलं तोंड बघून मुलगी किंचाळलीच. मुलगा म्हणाला, "तुम्हाला सरांनी पाठवलंय का?"

"मी लिफ्टवाला. सांग की."

"अहो, मी त्या विषयांत नापास झालोय. वर्षात नाही."

टिल्ली, हे वाक्य परत एकदा वाच.

जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन मी त्यांच्या ऑफिसच्या खिडकीवर गेलो. तुला खरं सांगतो, डब्याच्या छतावर मला भीती वाटत नाही, पण त्या खिडकीशी वाटली. दोनदा माझा नंबर आला आणि दोनदा मी मागच्याला पुढे जाऊ दिलं. आतल्या बाई म्हणाल्या, "तुमचं काय? लिफ्टचं बिल इथे नाही."

मी म्हटलं, "बिल नाही. बहिणीचा एक विषय गेलाय, पहिल्या वर्षात."

"मग?"

"मग ती घरी बसलीय."

त्यांनी चष्मा काढला. "एका विषयासाठी? कोणी सांगितलं तिला घरी बसायला?"

कोणीच सांगितलं नाही. तू निकालात एका ओळीपुढे "नापास" वाचलंस आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच्या नावाने मावशीकडे जाऊन बसायला लागलीस. पिशवीत वह्या घेऊन निघायचं, दिवसभर मावशीच्या शिवणयंत्राशेजारी काजं-बटणं करायची आणि संध्याकाळी कॉलेज सुटल्याच्या वेळेला घरी यायचं. बाबांना पत्ताच नाही. ते अजून गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून विचारतात, "माझी मुलगी कॉलेजात आहे, माहिती आहे ना?" अशा वेळी नाही कोण म्हणेल!

आपल्या घरात नापास म्हणजे शाळेतलं नापास. बरोबरचे सगळे वर जातात आणि आपण त्याच बाकावर, खालून आलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांत. कॉलेजात तसं नसतं, हे आपल्याला कोण सांगणार? आई, बाबा, मावशी, मी, कोणी त्या दारातून आत गेलेलं नाही. आणि वर्गात तुझं कोणाशी बोलणं नाही. सगळ्यांना सगळं येतं, आपणच बावळट दिसू, म्हणून तू कोणाला काही विचारत नाहीस, हे तूच मला सांगितलं होतंस.

तू म्हणतेस, शिकून असं काय मोठं होतं, दादा कमावतोच ना. कमावतो, आणि वाईट नाही कमावत. शिकलेल्यांना जास्त अक्कल असते असं मी म्हणणार नाही. त्या मुलाला लिफ्टवाल्याला सर पाठवत नाहीत एवढंही कळत नव्हतं. पण अडलं की कुठे जायचं, कोणाला गाठायचं, हे त्याला ठाऊक होतं. मला अडलं की मी निघून जातो. बेकरी सोडली, रंगकाम सोडलं, मग ट्रकवर होतो. दुसरा इलाज मला येतच नाही. तुझ्यात मला हेच दिसतंय, म्हणून एवढं लिहितोय.

माझाही एकच विषय गेला होता. भूमिती. "याचे पाय एका जागी ठरत नाहीत, म्हणून शाळा सुटली," असं घरात सगळे सांगतात. मीही तेच सांगतो, सांगायला बरं वाटतं. पण आधी शाळा सुटली, पाय नंतर सुटले. त्या बाईंना मी जाता जाता शाळेचंही विचारलं, एका विषयाचं. त्या काय म्हणाल्या ते लिहीत नाही. हे पत्र तुझ्याबद्दल आहे.

मध्ये थांबलो होतो. खोलीतला वेल्डर आला. म्हणाला, "एवढी पानं? प्रेमपत्र दिसतंय."

"बहिणीला लिहितोय."

"मग असा चेहरा का? ती तिकडे आहे, इकडे येऊन मारणार नाही."

त्याला काय माहीत. तू विचारलेल्या गोष्टीचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू म्हणाली होतीस, "दादा, तुझ्या लिफ्ट कंपनीच्या गोदामात माझ्यासाठी काही असेल तर बघ. मी गाडीत बसून येते." मी "बघतो" म्हणालो होतो.

बघितलं. जागा होती. सुटे भाग निवडून पिशव्यांत भरायचे, बसून काम, सोबत बायकाच, वर पंखा. गोदाम सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतः मला बोलावलं. "तुझी बहीण येणार होती ना? लिहिता-वाचता येतं तिला? मग लगेच बोलाव." हे खिडकीवर जाऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी. एरवी मी नाचत तुला फोन केला असता. मी सांगितलं, "ती येत नाही. कॉलेजात आहे." काल तिथे दुसरी मुलगी लागली.

तुला न विचारता मी हे केलं. आता तू चिडशील, आईकडे माझी तक्रार करशील, माझा फोन उचलणार नाहीस. चालेल. माझं मत बदलणार नाही.

इथल्या बाईंनी बजावलंय की प्रत्येक कॉलेजचे नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा तुझ्याच कॉलेजात विचारायला हवं. राहिलेल्या विषयाचा अर्ज भरायला मुदत असते, आणि इतके दिवस गैरहजर राहिलीस त्याचंही त्यांच्याशी बोलावं लागेल. ओरडा बसेल. बसू दे. पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी मावशीकडे जाऊ नकोस. सरळ खिडकीवर जा. नंबर आला की मागच्याला पुढे जाऊ देऊ नकोस. "माझा एक विषय राहिलाय, मी काय करू?" एवढंच बोल. समोरचा खेकसला तर परत तेच बोल. नाहीच म्हणाले, तर त्यांच्या वरचा कोण आहे ते विचार आणि मला कळव. मी रजा टाकून येतो, आपण दोघं जाऊ.

सगळं विचारून, समजून, तुला वाटलं की शिकायचंच नाही, तर बाबांसमोर बसून तसं सांग. मी तुझ्या बाजूने उभा राहीन आणि गोदामातल्या बाईंचे पाय धरीन. पण न विचारता येऊ नकोस. स्टेशनवर न्यायला मी येणार नाही.

आईबाबांना नमस्कार. मावशीला म्हणावं, काजं-बटणं करायला दुसरं कोणी बघ.

तुझी इकडची वाट अडवून उभा असलेला,
तुझाच
दादा