गुडघा उघडल्यावर

प्रिय भिंगरी,

काल फोन तू आपटलास, मी ठेवला नव्हता. एवढं आधी मान्य कर. आपटण्यापूर्वी “हट्टी म्हातारी” म्हणालीस, तेही ऐकू आलं. त्यातलं म्हातारी तेवढं लागलं.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं नाही. अख्खा गुडघा बदलला की पुन्हा बघायला नको. धाकट्या काकूकडे बघ म्हणतेस. बघते ना, शेजारीच तर राहते. तिचं दुखणं गेलं, जिने चढते, बाजारात माझ्या पुढे निघून जाते. पण परवा चष्मा कपाटाखाली गेला तर मला हाक मारली. गुडघा टेकला की दुसऱ्याच कुणाच्या गुडघ्यावर भार दिल्यासारखं वाटतं म्हणे, आणि ठरावीक जागेच्या पुढे तो वाकतच नाही. “आता मला कुणापुढे वाकायचंय?” म्हणाली आणि हसत सुटली.

मला मात्र वाकल्याशिवाय भागत नाही. पडद्याचं कापड टेबलावर मावत नाही, ते जमिनीवरच अंथरावं लागतं. गुडघ्यांवर सरकत खडूने रेघ मारायची, मग कात्री. हल्ली मी एका अंगावर कलून बसते आणि रेघ तिरकी जाते. मागच्या महिन्यात एका बाईंचा पडदा एका बाजूला आखूड झाला. पुढचं काम त्यांनी दुसरीकडे दिलं.

डॉक्टर म्हणतात, माझ्या गुडघ्याची आतली बाजूच झिजली आहे. तेवढीच बदलली तर बाकीचा सांधा माझाच राहतो, जास्त वाकतो, परका वाटत नाही. ग्रंथालयातून पुस्तक आणून मी हे सगळं वाचलं, न कळलेलं पुन्हा वाचलं. उरलेली बाजू पुढे झिजली तर परत ऑपरेशनच्या टेबलावर झोपावं लागेल, हेही त्यात होतं. तू तेवढंच धरून बसलीस, आणि ते खोटं नाही.

पण एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. डॉक्टर म्हणाले, एक्स-रेमध्ये सगळं दिसत नाही, नक्की काय ते गुडघा उघडल्यावरच कळेल. बाकीची बाजू खराब निघाली तर पूर्ण बदलू. धड ना चांगली, धड ना खराब अशी दिसली, तर तुम्ही गुंगीत असाल, बाहेर येऊन घरच्यांना विचारू.

घरच्यांना म्हणजे तुला. हे ऐकल्यापासून घास गोड लागत नाही.

तुझ्या बाबांच्या वेळी तू परीक्षेच्या गावी होतीस. त्यांची छाती उघडलेली, आणि डॉक्टर तसेच दारात आले. हृदयाची आणखी एक झडप खराब निघाली आहे, तीही आत्ताच बदलायची की झालं तेवढ्यावर टाके घालायचे? लवकर सांगा. मी म्हणाले, बदला. तुझे बाबा काही परत आले नाहीत. टाके घातले असते तरी फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी नंतर मला समोर बसवून समजावलं. मला ते पटलंही आहे. तरी अजून कापताना मध्येच कात्री थांबते. मी त्या दारात उभी असते आणि दुसरं उत्तर देऊन बघते. आजवर हे कुणापाशी बोलले नव्हते.

तुझ्यावर ती वेळ मी येऊ देणार नाही. डॉक्टरांना सांगितलं, बाहेर कुणालाही विचारायचं नाही. आत दिसेल ते बघून तुम्हीच ठरवा, अर्धा की पूर्ण. तशी सही दिली आहे. पण तू बाहेर असतीस तर त्यांनी विचारलंच असतं, आणि तूही मध्ये पडल्याशिवाय राहिली नसतीस. म्हणून तुला शुक्रवार सांगितला. ऑपरेशन मंगळवारी आहे. मला आत नेलं की काकू हे पत्र पेटीत टाकेल, म्हणजे तू वाचशील तेव्हा गुडघ्याचं काय ते ठरून गेलेलं असेल. हवं तितकं रागाव, पण ये. मला पहिल्यांदा जिना चढवतील तेव्हा हात धरायला तूच हवीस.

तुझीच,
आई