तिघांपुरता नंबर

माळवाडी, ता. वाळवा
१७ जानेवारी २०२५

चि. ऋषिराज यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझा फोन पंधरा दिवस बंद आहे, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. बारावीनंतर एवढं लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझी पाटी मीच गिरवून घेतली होती, एवढं ध्यानात असू दे. सोबत तिळाच्या वड्या पाठवल्या आहेत. संक्रांत होऊन गेली तरी वड्या काही शिळ्या होत नाहीत. निम्म्या सोनियाला दे, सगळ्या एकटाच संपवशील.

तुझ्या तब्येतीचं तुझ्या दाजींनी साताऱ्याहून आल्यावर सांगितलं. छातीत दुखायला लागलं, सोनियानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला आणि हृदय ठणठणीत निघालं, एवढंच ते बोलले. पण त्या समुपदेशक बाईंकडं जाणं तू सोडलंस म्हणे. का रे? तू जायला लागलास तेव्हा मीच नाक मुरडलं होतं, आपल्या घराण्यात असलं कुणी केलं नाही म्हणाले होते. मग दिवाळीला आलास आणि एकदाही न दचकता पोटभर जेवलास, तेव्हा माझं मत बदललं. तर ते सोडू नकोस.

कारखान्याचं म्हणशील तर तुझ्या जागी आलेला गटअधिकारी नवखा आहे. ऊसतोड अगदी क्रमानं देतो आणि चौदा गावांच्या शिव्या खातो. आधी त्या तू खायचास. आमचे सासरे भाऊसो रोज बांधावरून येऊन उसाला तुरा आला, आता वजन घटणार म्हणून मलाच ऐकवतात, जसा काही तो मीच आणला.

तुझा नवा नंबर गावभर कसा झाला, याचा फार विचार करत बसू नकोस. झालं ते झालं. पाडव्याला मी साताऱ्याला यायचं म्हणते. लोभ आहेच, तो आहे तसाच राहू दे.

तुझी,
अक्का

* * *

सातारा
२६ जानेवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

वड्या पोचल्या. निम्म्या सोनियाला देता आल्या नाहीत, कारण ती इथं नाही. गेल्या आठवड्यात वडूजला माहेरी गेली. गेली म्हणजे मीच घालवली.

तुला पहिल्यापासून सांगतो. अकरा वर्षं चौदा गावांचा ऊस माझ्या डोक्यावर होता. तोड कधी, टोळी का आली नाही, शेजाऱ्याला तोडीची चिठ्ठी दिली मग मला का नाही, असे पहाटे पाचपासून फोन. शेवटी फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा आणि हातातला चहा सांडायचा. इनामदार मॅडमनी मला वेड्यात काढलं नाही. त्यांनी एक वही दिली. कुणाचा फोन आला की छाती आवळते, ते वेळ टाकून लिहायचं. पंधरा दिवसांनी आम्ही दोघांनी ती वाचली. ज्यांची तोड चुकली त्यांचं सोडच, ज्यांची पाळी यायला दोन महिने होते त्यांच्याही काळजीनं मी जागा राहात होतो. हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, पण माझ्याच अक्षरात होतं. मग त्यांनी श्वास सावकाश घ्यायला शिकवलं. संध्याकाळी चार भिंतीच्या टेकडीपर्यंत चालायला लावलं. तीन महिन्यांची रजा घ्यायला लावली आणि जुनं सिमकार्ड कपाटात ठेवायला लावलं. नवा नंबर तिघांपुरता होता: मॅडम, सोनिया आणि तू. डिसेंबरात मी सलग सहा तास झोपत होतो, अक्का.

३ जानेवारीला सकाळी दहाला फोन सुरू झाले. दुपारपर्यंत सत्तर. पहिले दोन-तीन सोनियानं उचलले. शेवटी मी फोन पाण्याच्या बादलीत टाकला. पुढचं दाजींनी सांगितलंच आहे.

आता नंबर या तिघांपैकीच कुणीतरी फोडला. मॅडम तसं करणार नाहीत. तू तर नाहीसच, तसं मनात आणलं तरी मला पाप लागेल. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि तू माझ्यापायी लग्न चार वर्षं लांबवलंस. राहिली सोनिया. तिचा चुलतभाऊ धनाजी तोडणीच्या टोळीचा मुकादम आहे, त्याला तिनं दिला असणार. मी विचारलं तर म्हणाली, मी दिला नाही. मग कुणी दिला, म्हटलं, तर गप्प बसली. गप्प बसणं म्हणजे कबुलीच, असं मी म्हणालो. आणखीही लय बोललो, ते लिहवत नाही.

घरचंच माणूस फुटलं तर मॅडम तरी काय करणार? म्हणून जाणं बंद केलं. झोप पुन्हा दोन तासांवर आली आहे. पुढच्या महिन्यात वकिलाला भेटावं असं मनात आहे. तू पाडव्याला ये, तेवढाच मला आधार. सगळ्यांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
ऋषी

* * *

माळवाडी
४ फेब्रुवारी २०२५

चि. ऋषिराज,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. अनेक आशीर्वाद.

वकिलाकडं जाऊ नकोस. नंबर सोनियानं दिला नाही. मी दिला.

दोन जानेवारीला दुपारची जेवणं चालली होती. भाऊसो अर्ध्या ताटावरून उठले आणि म्हणाले की भाऊ अधिकारी असून आमचा ऊस वाळाय लागलाय, मग असली सून घरात आणून काय उपेग झाला. मग दीर उदयसिंह स्वयंपाकघरात आला. म्हणाला की वैनी, मी नुसता एक शब्द टाकाय सांगतो, दुसरं काय बी न्हाई. त्याला एकट्याला तुझा नंबर दिला, कुणाला देणार नाही अशी शपथ घालून. सकाळी त्यानं तो गावातल्या ऊसवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. मी भांडले तर म्हणाला, समद्यांचीच अडचण हाय, मी एकट्यानं लपवून काय करू. त्याला बोलून तरी काय, नंबर माझ्याच तोंडून गेला होता.

सगळा दोष सासरच्यांवर टाकत नाही. भाऊसोंचा धाक होताच, पण त्याहून जास्त मला मिरवायचं होतं. माझा भाऊ रजेवर असला तरी त्याच्या एका शब्दानं आमचं काम होतं, हे इतक्या वर्षांत एकदा तरी या घराला दाखवावं असं वाटलं. ऊस शेवटी ३१ जानेवारीला आपल्या पाळीनंच तुटला. एक दिवससुद्धा आधी नाही.

आधीच्या पत्रात झालं ते झालं असं लिहिलं, तेव्हाच खरं लिहायला हवं होतं. तुझ्या दाजींनी दोनदा सांगितलं की त्याला कळव. मला वाटलं, चार दिवसांनी तू विसरशील. तू बायकोला घराबाहेर काढशील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुझं पत्र आल्यावरही ते तीन दिवस पदरात घेऊन फिरले. माझ्यावर संशय घेणंही तुला पाप वाटतं असं तू लिहिलंस, ते पुन्हा वाचलं आणि हे लिहायला बसले.

सोनियालाही आजच पत्र टाकते. तू मॅडमकडं परत जा, एवढं ऐक. आणि पाडव्याला मला येऊ दे. दारात उभी करून काय बोलायचं ते बोल, पण येऊ दे. माया ठेव असं लिहायचा हक्क आज मला नाही.

अक्का

* * *

सातारा
२४ फेब्रुवारी २०२५

सौ. वन्सं यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वडूजला मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. हे ९ तारखेला स्वतः वडूजला आले. आमच्या दादांसमोर उभे राहून, माझं चुकलं, एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. आठ दिवसांनी मी साताऱ्याला आले. तेव्हा काळजी नसावी.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही नंबर दिलात हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पहिला फोन मी उचलला, त्या माणसानंच सांगितलं की उदयसिंहनं ग्रुपवर टाकलाय, त्याच्या वैनीनं दिला म्हणं.

यांनी मला विचारलं तेव्हा ते नाव माझ्या ओठावर होतं. पण यांनी आई एकदा गमावलेली आहे. बायकोवर रागावलेला माणूस आज ना उद्या शांत होतो, पण अक्कानं असं केलं हे ऐकून यांचं काय होईल याची मला धास्ती वाटली. म्हणून बोलणी खाल्ली आणि माहेरी गेले. तुम्ही स्वतःच सांगाल असं धरून चालले होते. महिनाभर रोज वाट बघितली, वन्सं. त्या महिन्याचा मला राग आहे. नंबराचा तेवढा नाही.

मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. मी गप्प राहिले ते ऐकून त्या म्हणाल्या की तुम्ही सगळे यांना जपायच्या नावाखाली यांच्यापासून गोष्टी लपवता आणि मग यांना सगळ्यांवरच संशय घ्यावा लागतो. मला ते फार लागलं, कारण खरं होतं. आता दर गुरुवारी हे जातात. झोप चार तासांवर आली आहे. तुमचं पत्र यांनी एकदाच वाचलं. तुमचं नाव अजून काढत नाहीत आणि मीही काढत नाही. पुढचं ते स्वतःच तुम्हाला लिहितील. भाऊसोंना व दाजींना नमस्कार सांगावा.

आपली,
सोनिया

* * *

सातारा
२१ मार्च २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पाडव्याला येऊ नकोस.

हे रागानं लिहीत नाही. राग होता, त्यातला बराचसा वहीत उतरवला. माझी तब्येत सुधारते आहे. कारखान्यानं माती परीक्षणाच्या कामावर बदली द्यायचं कबूल केलं आहे, तिथं फोन कमी. मातीला तोडीची घाई नसते, असं सोनिया मला चिडवते. ती हसते आहे, यातच सगळं आलं.

पण तू दारात उभी राहिलीस की मी लगेच आत बोलावणार, तुझे डोळे पुसणार, काही झालं नाही म्हणणार आणि मग पंधरा दिवस झोपणार नाही. मी जन्मभर हेच केलं आहे. शेतकऱ्यांशी केलं, तुझ्याशीही केलं. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की मी बघतो म्हणायचो, आणि तेवढं ओझं घरी घेऊन यायचो. मॅडमकडं सध्या हाच सराव चालला आहे. त्या शेतकरी होऊन तोड मागतात आणि मी नाही म्हणायचं. चार गुरुवार मी नुसता घामाघूम होऊन परत आलो.

तुझी माया मला पुसता येत नाही आणि पुसायचीही नाही. तुला ये म्हणता येईल तेव्हा मीच कळवीन. किती दिवस लागतील ते आज माहीत नाही. तोवर पत्र मात्र लिहीत जा, मी वाचतो.

एवढं परवा लिहून ठेवलं होतं. काल गुरुवारी मॅडमना सांगितलं की मी आयुष्यातलं पहिलं नाही म्हटलं, कागदावर का असेना. त्यांना आनंद झाला. कुणाला म्हटलंत, असं त्यांनी विचारलं, तर मला बराच वेळ तुझं नाव सांगता आलं नाही.

स्वतःला जप. माझ्यावर रागावू नकोस.

तुझा,
ऋषी