गोगलगाय विकायची नाही

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा गाड्यांचे पत्रेकाम, हे माझ्या राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक मुलीला. तिने कधी काही मागितले नाही, म्हणून जास्तच आनंदाने देतो.

२. वर्कशॉप आणि सगळी हत्यारे धाकट्या भावाला. "भंगारात आयुष्य घातलंस," असे तो मला चारचौघांत म्हणाला होता. पण माझी बायको जिन्यावरून पडली, तिचे दोन्ही पाय गेले, तेव्हा सहा महिने वर्कशॉप त्यानेच चालवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसरी मोठी आहे.

३. आमची गाडी, गोगलगाय. पुढून जुनी मोटार, मागून दुधाची व्हॅन, मधले सगळे माझ्या हातोडीचे. रंग वांगी. बायको शाळेत भूमिती शिकवायची. पडल्यावर वर्षभर खिडकीशी बसून होती. एक दिवस म्हणाली, "मला कुणी उचलून नेलेलं नको. माझं मला जायचंय." मग तिने आलेखाच्या कागदावर आखायचे आणि मी ठोकायचे, असे चौदा महिने चालले. सीट दाराबाहेर वळते. ब्रेक आणि वेग दोन्ही हाताने चालतात. व्हीलचेअर आत उभी राहावी म्हणून मागे छपराला कुबड आले, त्यावरून हे नाव.

ही गाडी मुलीने विकू नये. ज्याला पायांनी गाडी चालवता येत नाही, अशा माणसाला शोधून द्यावी. संग्रहासाठी मागणारे पुष्कळ येतील. त्यांना फोटो द्यावा.

४. समोरच्या गॅरेजचा पेंटर. एका गिऱ्हाइकावरून आमचे बिनसले होते. गोगलगायीचा रंग वाळला त्याच आठवड्यात मैदानावर हौशी मोटारवाल्यांचा मेळा भरला. एकाची गाडी इतकी खाली बसवलेली की मुंगीनेही वाकून जावे. दुसऱ्याची दारे पंखांसारखी वर उघडत. तरी गर्दी आमच्याभोवती. बायको स्टिअरिंगला बसून एकेकाला समजावत होती. दोन वर्षांनी मी तिला हसताना पाहिले. तेवढ्यात हा पेंटर न विचारता गाडीखाली सरपटला आणि तेलकट तोंडाने बाहेर आला.

"वहिनी, उतरा खाली."

"जळतोस तू," मी म्हणालो.

"जळतो तर जळतो. ब्रेकचा पाइप सायलेन्सरला घासतोय. शाळेच्या टेकडीच्या उतारावर फुटेल."

मी सगळ्यांदेखत त्याला ढकलले. बायको म्हणाली, "अहो, वाकून बघा तरी."

पाहिले. चाचणीच्या फेऱ्यांतच पाइप कागदाइतका पातळ झाला होता. तरी बाहेर येऊन मी म्हणालो, "किरकोळ आहे," आणि गाडी ओढून घरी आणली. त्याने ते ऐकले आणि आजवर कुणाजवळ शब्द काढला नाही. बायको पुढे सतरा वर्षे, अगदी जाईपर्यंत, गोगलगाय चालवत शाळेत गेली. ती सतरा वर्षे त्याची देणगी आहे, हे मी येथे लेखी कबूल करतो.

५. त्याला काही द्यावे असे मनात होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकीलबाई सांगतात, आणि मला साक्षीदार तोच हवा होता. म्हणून काल रस्ता ओलांडून गेलो आणि कलम चार त्याला वाचून दाखवले. त्याने हातातला ब्रश धुऊन ठेवला.

"वहिनींनी त्याच आठवड्यात आभाराची चिठ्ठी पाठवली होती," तो म्हणाला. "लिहिलं होतं, यांना सांगू नका, हे आपणहून येऊन बोलतील."

"मग?"

"मग काय. वाट बघत होतो."

वरील मजकूर मी स्वतः वाचला. तो बरोबर आहे.

सही: पत्रेवाला
साक्षीदार १: समोरचा पेंटर
साक्षीदार २: आमचे डॉक्टर
ठिकाण: वर्कशॉप, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ९ मार्च, रविवार, सकाळी अकरा